बँडवाल्यांचे नव्वद गुण

"यादीतून बँडवाले काढ," याद्विगा म्हणाली.

लुद्विकने पेन्सिल कानामागे खोचली आणि चहाच्या ग्लासात पाहिलं. जणू ऐकलंच नाही.

"सात जण. नव्वद गुण. आणि काम काय, तर पिपाण्या वाजवायच्या."

"शिपायांना धीर येतो."

"बावीस वर्षांत आलाय का?"

दर ऑक्टोबरात लुद्विक बोटभर उंचीच्या शिशाच्या शिपायांचं सैन्य घेऊन रेल्वे कामगारांच्या सभागृहात जायचा, शेवटच्या फेरीत पोचायचा आणि झेनॉनकडून हरून घरी यायचा. दोघांनी एकाच डेपोत ट्राम चालवली, एकाच महिन्यात निवृत्त झाले. आता झेनॉन कायमचा मुलीकडे निघाला होता, समुद्राकाठी, ग्दिनियाला. म्हणजे ही शेवटची लढाई. एकदा, फक्त एकदा त्याला हरवायचं होतं.

स्पर्धेचे नियम जुनेच होते. सैन्य दोन हजार गुणांपर्यंत. एक गुण वर गेला की यादी बाद. कच्चा शिपाई स्वस्त, मुरलेला महाग, खासा त्याहून महाग. टेबलावर तिघेही सारखेच दिसतात. कोण किती मुरलेला, ते फक्त यादीत, आणि यादी बंद पाकिटात पंचांकडे. फासे पडले की पंच पाकिटात डोकावतात आणि किती मेले ते सांगतात. खेळ संपल्यावर हरलेल्याने आपली यादी सही करून जिंकलेल्याला द्यायची. झेनॉनकडे लुद्विकच्या बावीस याद्या होत्या. लुद्विककडे झेनॉनची एकही नव्हती.

"त्याचे शिपाई मोजकेच असतात," लुद्विक म्हणाला. "साठ-पासष्ट. माझे शंभरावर. म्हणजे त्याचा एकेक जण खासा असणार. महागडा माल."

"मग तूही गर्दी कमी कर. त्या नव्वदात तोफांवरचे कच्चे लोक मुरलेले होतील."

याद्विगाने तीस वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या तोलल्या होत्या. तिच्या हातून जास्तीचं काही सुटत नसे.

"अगं, पण ते बँडवाले..."

"माहीत आहे."

ते दोघांनाही माहीत होतं. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात, साखर रेशनकार्डावर मिळायची तेव्हा, याच स्वयंपाकघरात लुद्विकने भावाच्या गळाची शिशाची वजनं वितळवून ते सात जण ओतले होते. सासूबाईंच्या धिरड्यांच्या तव्यावर. सासूबाईंनी त्यानंतर या घरात धिरडं म्हणून खाल्लं नाही. नव्या नवरीने लग्नातल्या नेलपॉलिशने तुतारीवाल्याचे गाल रंगवले. दुसरा लाल रंग शहरात नव्हता. ते गाल अजून तसेच होते, याद्विगाचे मात्र नव्हते, असं लुद्विक एकदा म्हणाला होता. एकदाच.

"मी रंगवलेत म्हणून मीच सांगते," ती म्हणाली. "बसू देत कपाटात. चाळीस वर्षं फुंकतायत बिचारे."

लुद्विकने रेघ मारली. बेरीज तीनदा केली. दोन हजार. ना एक कमी, ना एक जास्त.

शनिवारी सकाळी झेनॉन सभागृहात आला तो दोन खोकी घेऊन. एरवी त्याचं सैन्य बुटांच्या एका डब्यात मावायचं. तो मांडत गेला, मांडत गेला, आणि टेबलाच्या त्याच्या बाजूला ग्लास ठेवायलाही जागा उरली नाही.

"अरे, ही पलटण की लग्नाची वरात?" लुद्विक म्हणाला.

"शेवटचं वर्ष. म्हटलं, सगळ्यांना एकदा बाहेरचं वारं दाखवावं."

"जेवण कोण घालणार एवढ्यांना?"

"तुझ्या तोफा घालतील. दर वर्षी उपाशीच ठेवतात."

लुद्विक हसला आणि नजरेनेच शिपाई मोजू लागला. एवढी गर्दी म्हणजे सगळे कच्चे. झेनॉन घाबरला होता!

आणि खरंच, पहिल्या तासातच झेनॉनचे भालाईत घोडेस्वार स्वतःच्याच पायदळामागे पुलावर अडकले. "या शहाण्यांना इथे कोणी उभं केलं?" तो पुटपुटला. बाजूला घ्यावं, तर बाजूलाही त्याचेच लोक. लुद्विकच्या तोफांनी पूल धरला. पंच कायेतानसाहेब पाकिटात डोकावायचे आणि कोऱ्या चेहऱ्याने आकडा सांगायचे. चार. सहा. नऊ. तीन वाजता झेनॉनचा सेनापती घोड्यासकट आडवा झाला.

कायेतानसाहेबांनी चष्मा पुसला. "विजयी, लुद्विक."

सभागृहात टाळ्या झाल्या. सगळे मिळून अकरा माणसं होती, पण जोरात झाल्या.

लुद्विकने याद्विगाला फोन करायला खिशात हात घातला, आणि तो तिथेच थांबला. झेनॉन सही केलेली यादी पुढे करत होता. तोंडावर हसू होतं.

"खरं सांग," लुद्विक हळूच म्हणाला. "मुद्दाम हरलास ना? जाता जाता मित्राला भेट?"

"मुद्दाम? आणि तुझ्याकडून?" झेनॉनचा चेहरा उतरला. "उघड ती. मोज."

लुद्विकने कानामागची पेन्सिल काढली. एकही कच्चा नव्हता. सगळे मुरलेले, थेट लुद्विकच्या शिपायांसारखेच. बेरीज दोन हजार. त्याने पुन्हा केली. दोन हजार. डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही.

"पूर्ण सैन्य होतं तुझं," तो म्हणाला. "म्हणजे मी खरंच जिंकलो."

"खरंच जिंकलास रे बाबा." झेनॉनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझंच चुकलं. एवढी गर्दी हाकायची सवय कुठली असणार? इतकी वर्षं मी बाराशे गुणांतच भागवत होतो."