बाजूनं दिसणारा चेहरा

"माझ्याकडे नको, भिंतीकडे बघा," प्रतिभा म्हणाली. सविताने मान वळवली. नजर मात्र पुन्हा सासूकडे गेली.

सरूबाई माजघराच्या दारातच बसल्या होत्या. किल्ल्या कमरेला, डावा हात एवढ्या उकाड्यातही पदराखाली. दोन आठवड्यांत त्यांनी सुनेला एकदाही एकटं सोडलं नव्हतं.

निमोण्याच्या भिमाजींची ही सून नुकतीच सरपंच झाली होती. ग्रामपंचायतीत लावायला तिचं चित्र काढायचं काम प्रतिभाकडे होतं. "साडी-दागिने पैठणच्या जुन्या चित्रातल्या राणीवानी," भिमाजींनी सांगितलं होतं. "तोंड मातर संस्थानिकांच्या तैलचित्रावानी. जित्तं वाटाय पायजे."

पैठणच्या चित्रांत रंग सपाट, कडा काळ्या, चेहरा एका बाजूने. तैलचित्राला उजेड हवा, सावली हवी. प्रतिभाने चेहरा बाजूनेच ठेवला आणि गालावर सावली चढवली. अडलं ते डोळ्यापाशी. पैठणच्या राणीचा डोळा मोठा, बेधडक. सविताचा भेदरलेला.

सरूबाई चहा ठेवायला आत गेल्या, तेव्हा सविता मान न हलवता बोलली.

"घरात मार हाय, ताई. कुर्डुवाडीला बहिणीकडं जायचंय. दौंडावरनं गाडी कवा असती?"

प्रतिभाचा ब्रश थांबला. "सव्वाबाराला. माझा स्टुडिओ स्टेशनच्या मागेच आहे."

तैलरंगाला उत्तरेचा उजेड लागतो, तो इथे मिळत नाही, असं तिने भिमाजींना सांगितलं.

"न्या की," ते म्हणाले. "पर सासू संगं असंल. दोघी एकाजागी दिसल्या पायजेत. आमचा डायव्हर हौशीराम दाराम्होरंच ऱ्हाईल."

बुधवारी पावणेबाराला दोघी आल्या. हौशीराम समोरच्या काचेतून आत बघत, गाडीला टेकून उभा राहिला. प्रतिभाने तिकीट आधीच काढलं होतं. सरूबाईंना कसं अडकवायचं, तेही ठरवलं होतं.

"साडीच्या चुण्या काढायच्यात. तुम्ही बसा सुनेच्या जागी, तिची शाल पांघरून. अर्धा तास अजिबात हलायचं नाही."

"ह्या वयात मला राणी करतीस व्हय," सरूबाई म्हणाल्या. पण काचेकडे पाठ करून बसल्या.

चुण्यांच्या चार रेघा ओढून प्रतिभा "रंग आणते" म्हणाली आणि सविताला मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथून काच दिसत नव्हती. तिने परसदाराची कडी काढली, तिकीट सविताच्या हातात दिलं. स्टेशनवर गाडीची घोषणा सुरू झाली होती.

"निघा. त्यांना मी बसवून ठेवते."

सविता हलली नाही. मग तिने दाराआडून हलकेच हाक मारली. सरूबाई उठून आत आल्या. सविताने तिकीट त्यांच्या उजव्या मुठीत दाबलं आणि त्यांच्या खांद्यावरची शाल काढून स्वतः पांघरली. पदर सरकला; सरूबाईंचं डावं मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

"पळा, आत्या. तुमची बहीण कुर्डुवाडीच्या फलाटावर उभी हाय. तुमच्या जागी मी बसते."