फोटोपुरती खोली

कंपन्यांचे खटले लढवणाऱ्या अमरावतीच्या वकिली फर्मनं सामाजिक जबाबदारी म्हणून अकोटच्या एस्टी स्टँडवर हिरकणी कक्ष बांधला. फोटोसाठी लेकुरवाळी हवी, म्हणून फर्मच्या साहेबांनी स्टँडवर फुलं विकणाऱ्या जमुनाला आत बसवलं. बाळ दुधाला लागलं तोच ते म्हणाले, "प्रतीक्षा, झाले फोटो. कुलूप लाव. एस्टीला ताबा सोमवारी द्यायचाय." किल्ली फर्ममध्ये काम करणाऱ्या प्रतीक्षाकडेच होती. बाळंतपणानंतर तिनं दूध काढायला ऑफिसात पडद्याआडची खुर्ची मागितली, तेव्हा साहेबांना जागा सापडली नव्हती. "पोट भरू द्या ना," जमुना म्हणाली, "लेकराले का तुमचं घड्याळ समजते?" बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "तुम्ही व्हा पुढं, सर, मी एस्टीनं येते," म्हणत प्रतीक्षा किल्ली घेऊन दारातच टेकली. जमुनानं तिचा ओला ब्लाउज पाहिला. "बाई, तुमचं लेकरू?" "अमरावतीले." "मंग त्याले कोन पाजून राहिलं?" परतीची एस्टी अजून लागली नव्हती.