चौथी गादी

वर्षाराणीवैनींना अठ्ठ्याऐंशी साली लग्नात वडलांनी दिलेला सोफा सोळा वर्षांत पहिल्यांदाच धुतला जात होता. राजारामपुरीत सोफे धुऊन मुरलेल्या बसवेशला मळावरनंच घर वाचता यायचं. "हे साहेबांच्या डोक्याचं तेल, हा सासूबाईंच्या पानाचा डाग, आणि ह्या पेनाच्या रेघोट्या तुमच्या लेकाच्या," एकेका गादीच्या सुती कापडावर फेस घासत तो सांगत गेला आणि वैनी हसून मान डोलावत राहिल्या.

चौथी गादी मात्र कोरी करकरीत होती, फुलं कालच छापल्यासारखी.

"ही नवी घातलीसा व्हय, वैनी?"

तेवढ्यात आतनं चहासाठी तिसरी हाक आली. वैनी लगबगीनं वळल्या.



"न्हाई ओ, ती माझी जागा."