चौदा नंबरची खूण

मॅनेजरबाईंनी टेबलावर सात कपडे मांडले. तीन टॉवेल, दोन उशांचे अभ्रे, एक लेंगा, एक स्वेटर. प्रत्येकाच्या कोपऱ्यात काळ्या शाईने चौदा हा आकडा. चौदा नंबरच्या खोलीतले निवृत्त बेलीफ समोर बसले होते. बाजूच्या खुर्चीत रहिवाशांचे प्रतिनिधी म्हणून सहा नंबरचे मास्तर, गणिताचे.

या वृद्धनिवासात धुलाई सगळ्यांची एकत्र होते. कपड्यावर ज्या खोलीचा नंबर, त्या खोलीत कपडा जातो. तक्रार धुलाईवाल्याची होती. चौदामध्ये एकटा जीव राहतो आणि टॉवेल मात्र लग्नघरासारखे येतात.

"दुसऱ्यांच्या कपड्यांवर आपला नंबर घालायचा, याला काय म्हणायचं?" बाईंनी विचारलं.

"मालकीची खोटी खूण," बेलीफ म्हणाले. विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं, ही कोर्टातली सवय. "गुन्हा आहे. फसवण्याचा हेतू नव्हता हे आरोपीने सिद्ध केलं, तरच सुटतो."

"मग करा सिद्ध."

"आजवर एकही वस्तू ठेवून घेतलेली नाही. जो न्यायला आला त्याला दिली. घडी घालून."

"परतच द्यायचं होतं तर खूण केलीत कशाला?"

"न्यायला यावं म्हणून."

बाईंनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"चौतीस वर्षं जप्त्या केल्या, बाई. लोकांच्या कपाटांवर सील मारलं. एवढी दारं वाजवली, पण बसा म्हणून कुणी म्हटलं नाही. त्यांचंही बरोबरच होतं, खुर्च्याच न्यायला गेलेलो."

"मास्तर, तुम्हीही मागे टॉवेल आणायला गेला होतात ना?"

"एकदाच," मास्तर म्हणाले.

"तासभर बसले होते," बेलीफ म्हणाले.

"पाऊण तास."

"हे बघा बेलीफसाहेब, मला तुमच्या मुलाला बोलवावं लागेल," बाई म्हणाल्या.

"येईल तो?" बेलीफांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना माहिती हवी होती.

बाईंनी उत्तर टाळून स्वेटर जवळ ओढला. "हा तर तुमचा आहे, मास्तर. हरवला म्हणून बोलला नाहीत." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आणि हे अक्षर वेगळं दिसतंय. आकड्याखाली दोन रेघा आहेत, गणिताच्या उत्तराखाली मारतात तशा."

मास्तर खिडकीकडे बघू लागले. खिडकीबाहेर पलीकडच्या इमारतीची भिंत होती.

"बेलीफसाहेब, नीट बघून सांगा. हे उद्योग आणखी कुणी करत असेल, तर एकट्या तुम्हाला मी खोली सोडायला सांगू शकत नाही. तुमचंच आहे का हे?"

बेलीफांनी स्वेटर हातात घेतला. बराच वेळ बघितला. मग मास्तरांकडे बघितलं. मास्तरांची मान वळली नाही.

"माझंच," ते म्हणाले. "हात थरथरतो हल्ली."

रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ होत्या. बाईंनी त्या बघितल्या आणि रजिस्टरमध्ये सात लिहिलं. महिनाअखेर खोली रिकामी करायची, असं सांगितलं. बेलीफांनी सही केली, तारीख घातली, खुर्ची जागेवर सरकवून ठेवली आणि निघून गेले.

मास्तर बसूनच होते.

"अजून काही होतं का, मास्तर?"

"नाही. चौदामध्ये आता कोण येणार?"

"ठरलं नाही अजून. का हो?"

मास्तरांनी स्वेटर उचलला, खूण आत जाईल अशी घडी घातली.

"काही नाही," ते म्हणाले. "ही शाई धुऊन जात नाही, म्हणून विचारलं."