मागची सीट

ऐन पंचविशीत, लष्करात असताना, मी हेच विमान उडवलं होतं. तेव्हा पुढची सीट माझी होती. आता तिथे इनामदार बसले होते आणि मी मागे, त्यांना शिकवायला. भंगारातून आणून त्यांनी विमान अगदी नव्यासारखं करून घेतलं होतं. माझ्या अंगठीने डॅशबोर्डवर पडलेला ओरखडासुद्धा घासून काढला होता.

उजनीच्या पाण्यावर आलो, की स्टिक त्यांच्याकडे द्यायची होती. विमान चालवायची ही दांडी दोन्ही सीटपुढे असते; कोणी धरलीय ते कळावं, म्हणून देताना 'घ्या' असं मोठ्याने म्हणावंच लागतं. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मी नुसतेच हात काढून मांडीवर ठेवले आणि इनामदारांची चूक व्हायची वाट बघत बसलो.

चूक काही होईना. विमान कुठे कलेना, नाक खाली जाईना. मला जे जमायला वर्ष गेलं, ते या माणसाला साठीत, आठवड्याभरात जमावं? माझा नुसता जळफळाट झाला. शेवटी कसंबसं म्हणालो, "हात बरा आहे हो तुमचा, इनामदार."

"माझा?" ते मान वळवून म्हणाले. "मी कुठे स्टिक धरलीय, मेजर? मी मघापासून तुमचीच सफाई बघत बसलोय. खरं सांगू? जळतो मी तुमच्यावर."

दोघांनीही एकदम स्टिक पकडली. इतका वेळ सरळ चाललेलं विमान तेव्हा पहिल्यांदा डगमगलं.