चष्म्यातलं कुंकू

शाल्मलीचं सासरचं पहिलंच हळदीकुंकू, त्यामुळे चूक नको म्हणून तिचा जीव नुसता वरखाली होत होता. सगळ्याजणींनी चष्मे लावलेले, चष्म्यात सणाचा फिल्टर, म्हणजे पैठणी, गजरा, कुंकू सगळ्यांच्याच अंगावर आपोआप दिसतं. तिने दाराशी बसलेल्या मालूमावशीपासून सुरुवात केली आणि कुंकू लावलंसुद्धा.

"अगं, हिचे यजमान गेलेत ना," सासूबाई पुटपुटल्या.

"आई, चष्म्यात त्यांच्या कपाळावर कुंकू होतं हो."

खरंच लागलंय का ते बघायला सगळ्यांनी चष्मे काढले. बाकी सगळी कपाळं कोरी, कुंकू फक्त मावशीच्या. पुसायला उचललेला मावशीचा हात तिथेच थांबला.

"तो करंडा दे इकडे," मावशी शाल्मलीला म्हणाली. "आणि तुम्ही एकेकजण पुढे या."