अडकलेला आकडा

आकडा पुन्हा नऊशे चाळीसवरच थांबला. भावेशने कॉम्प्युटरच्या मागची वायर उपटली, फुंकर मारली आणि परत खोचली. पुन्हा तपासलं. आकडा तोच.

दिशाने चहाचा कप टेबलावर ठेवला. आधीचा कप तिथेच होता, वर साय धरलेला.

"हे सोडा आता थोडा वेळ," ती म्हणाली.

"स्पीड आला की सोडतो."

गेले कित्येक दिवस घरात हेच चाललं होतं. गुहागरला माहेरी जाऊन यायचं होतं, ते स्पीड आला की. पडवीचा नळ गळत होता, तो स्पीड आला की. मांडवीतल्या या घरात इंटरनेटची दोन हजारांच्या वेगाची नवीन लाइन आली होती. भिंतीवरच्या राउटरच्या डब्यापर्यंत तो वेग येतही होता. भावेशच्या कॉम्प्युटरला मात्र त्यातला निम्माही मिळत नव्हता.

भावेश मुंबईच्या एका कंपनीसाठी जाहिरातींच्या फिल्म एडिट करायचा. त्याची आई गेली, वडील गुणाजी एकटे पडले, तेव्हा दोघं डोंबिवलीचं बिऱ्हाड मोडून रत्नागिरीला आले. दिशाने तिथली नर्सची नोकरी सोडली. तिला ती आवडत होती. "माझं एकट्याचं काम पुरेल आपल्याला," भावेश तेव्हा म्हणाला होता. अवजड फाइली इथून वेळेत जात नाहीत म्हणून कंपनीची कुरकुर असायची. त्यासाठीच ही लाइन घेतली होती.

लाइनवाला सूरज येऊन गेला. त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट डब्याला लावून दाखवला. तिथे पूर्ण वेग.

"दादा, लाइनीत काय नाय," तो म्हणाला. "तुमच्या कॉम्प्युटरचं पोर्टच जुनं आहे. ते हजाराच्या वर घेतच नाय."

भावेशने जलद पोर्टचं नवीन कार्ड मागवलं. ते येईपर्यंत तो घरभर फिरत राहिला. मधेच समुद्रावर जायचा आणि पाय भिजायच्या आत परत यायचा. जेवायला बसला तरी मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ बघायचा. दिशाने एकदा विचारलं, "दिवाळीची ती जाहिरात कधी द्यायचीय?" तो एकदम भडकला. "असल्या लाइनीवर काय देऊ? कपाळ?"

कार्ड आलं, बसवलं. आकडा हलला नाही. मग कळलं, डब्याला चार भोकं असली तरी जलद एकच आहे. वायर त्यात लावली, तर आकडा शंभराच्याही खाली आपटला. भावेश मटकन खाली बसला. दिशाला वाटलं, हा आता रडणार. पण तो उठला आणि वायरीचं टोक उजेडात धरून बघू लागला. खाऱ्या हवेने आतल्या बारीक पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. काढघाल करून टोकही सैल झालं होतं. त्याच्या चेहऱ्यावर एकदम हुरूप आला. दिशाला ते जरा विचित्रच वाटलं.

गुणाजींचा जन्म मच्छीमार बोटीच्या इंजिनावर गेला होता. ते दारातून म्हणाले, "अरे, पण हाय ता काय कमी हाय? पिक्चर तर चालतो."

"चालतो म्हणजे पुरेसं आहे का, बाबा?"

भावेश तडक बाजारात गेला आणि नवीन वायर घेऊन आला. चप्पलही न काढता ती लावली. बटण दाबलं. आकडा नऊशेवर आला, हजारावर गेला आणि न थांबता चढत राहिला. दोन हजारांच्या थोडा पुढे जाऊन स्थिरावला.

"आला!" दिशा ओरडली. गुणाजी काठी टेकत आत आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"हां, आता पाठव बघू तुझी फाइल," ते म्हणाले. "कशी जाते ती बघू तरी एकदा."

भावेशचा हात माउसवर होता. तो हलला नाही. पडद्यावरचा आकडा तसाच उभा होता.

"अहो, पाठवा ना," दिशा म्हणाली. "आता कशाला थांबलात?"

"पाठवायला काही नाहीये."

"म्हणजे?"

"मला काढलंय कंपनीने." तो पडद्याकडे बघूनच बोलत होता. "लाइन लागली ना, त्याच सकाळी फोन आला. आमची सगळी टीमच बंद केली. सूरज शिडी लावत होता तेव्हा."

गुणाजींनी चष्मा काढला आणि तो हातात धरून बसले.

दिशाचा आवाज चढला. "मी नोकरी सोडून आले इथे. एका शब्दाने सांगता आलं नाही? इतके दिवस हा खटाटोप कुणासाठी चालला होता मग? कार्ड काय, वायर काय!"

भावेशने वळून तिच्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी नीट पाहिलं.

"हा आकडा अडकला होता ना दिशा," तो म्हणाला, "तोवर मला वाटायचं, दोष वायरीत आहे."